जपानमधल्या मेडिकलमध्ये कसं बोलायचं? ठसठस, मळमळ, खवखव जपानीत

सांगलीची_लेक

नमस्कार मंडळी,

तोक्योत येऊन मला सहा वर्षं झाली. त्याआधी पुण्यातच जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ पातळी दिली होती, त्यामुळे स्टेशनवर, दुकानात, ऑफिसात माझं फारसं अडत नाही. गेल्या महिन्यात आई सांगलीहून आमच्याकडे आली आणि चौथ्याच रात्री तिची दाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरांची वेळ मिळाली दुसऱ्या दिवशी दुपारची. तोवर कळ काढायला काहीतरी घ्यावं म्हणून सकाळी दोघी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो.

"हा गा इताइ देसु", म्हणजे दात दुखतोय, एवढं मी नीट बोलले. काउंटरवरच्या बाईंनी लगेच विचारलं, "झुकिझुकि शिमासु का? चिकुचिकु देसु का?"

हे दोन्ही शब्द मला एकाही पाठ्यपुस्तकात भेटले नव्हते. मी मोबाइल काढून इंग्रजीतून शोधायला लागले. तेवढ्यात आई मला म्हणाली, "अगं, ठसठसतंय म्हणून सांग तिला." आणि तिने उजव्या हाताची मूठ गालाजवळ नेऊन उघड-मीट, उघड-मीट केली. बाईंनीही तश्शीच मूठ उघड-मीट केली आणि म्हणाल्या, "आआ, झुकिझुकि." आई म्हणाली, "हां, तेच." मोबाइल तसाच माझ्या हातात राहिला.

घरी आल्यावर मी वही घेऊन बसले. जपानी माणूस दुखणं सांगताना असे जोडशब्द सतत वापरतो, डॉक्टर आणि फार्मासिस्टही तेच विचारतात. इंग्रजीतून शिकताना यातल्या प्रत्येकाला एक लांबलचक स्पष्टीकरण पाठ करावं लागतं. मराठी माणसाकडे मात्र हे शब्द आजीच्या तोंडून आलेले तयार आहेत. मला जुळले ते असे:

झुकिझुकि – ठसठसणं, ठणकणं (दाढ, जखम, अर्धं डोकं)
चिकुचिकु – टोचणं
हिरिहिरि – चुरचुरणं, झोंबणं (भाजलेलं, खरचटलेलं)
इगाइगा – घसा खवखवणं
मुकामुका – मळमळणं
गोरोगोरो – पोटात गुडगुडणं. डोळ्यात काहीतरी खुपत असेल तरी हाच शब्द
झोकुझोकु – हुडहुडी, अंगावर शिरशिरी येणं
गुरुगुरु – गरगरणं
किरिकिरि – पोटात गिरमिट फिरवल्यासारखी कळ
गानगान – डोक्यात घण पडत असल्यासारखं

'गुरुगुरु' आणि 'गरगर' शेजारी लिहिले तेव्हा मी नवऱ्याला हाक मारून वही दाखवली.

वाक्य करणं सोपं आहे. आधी अवयव, मग 'गा', मग हा शब्द आणि शेवटी 'शिमासु'. "आतामा गा झुकिझुकि शिमासु" – डोकं ठणकतंय. "नोदो गा इगाइगा शिमासु" – घसा खवखवतोय. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. 'देसु', 'मासु'मधला शेवटचा उ जवळजवळ ऐकू येत नाही, 'देस', 'मास' म्हटलं तरी चालतं. अवयव तेवढे पाठ करा: आतामा डोकं, मे डोळा, मिमि कान, हाना नाक, नोदो घसा, ओनाका पोट, कोशि कंबर, हिझा गुडघा.

तुमच्याकडे अजून काय जमलंय ते इथे टाका. आपल्या लोकांसाठी एक चांगली यादी होईल, आणि आई-वडील इकडे येतात तेव्हा तिची खरी गरज पडते.

---

क्योतोत_कोथरूडकर

छान धागा. उच्चाराबद्दल थोडं लिहितो, मी इथे भाषाच शिकतोय.

जपानीतला 'त्सु' बऱ्याच परदेशी मुलांना जमता जमत नाही. आपल्याला तो जन्मापासून येतो, फक्त लिहिताना 'त्सु' दिसतो म्हणून आपण अडखळतो. 'चूल', 'चूक' म्हणताना जो चू येतो तोच आखूड करून म्हणा. ताप म्हणजे नेत्सु. आणि 'च्या' म्हणायचं असेल तेव्हा चहातला च घ्या. हे दोन च आपल्याकडे वेगळे आहेत, तसेच त्यांच्याकडेही.

आता जिथे आपण खरंच चुकतो ते सांगतो. ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षर. ब्योओइन म्हणजे इस्पितळ. बियोओइन म्हणजे ब्युटी पार्लर. रस्त्यात कुणाला विचारताना 'ब्यो' एका झटक्यात म्हणा, 'बि' आणि 'यो' सुटे पडू देऊ नका. माझ्या एका वर्गमित्राला ताप असताना एका भल्या आजीबाईंनी हात धरून केस कापायच्या दुकानापर्यंत पोचवलं होतं. त्यांचा काही दोष नव्हता, त्याने विचारलंच तसं होतं.

अजून एक. एलर्जी म्हणू नका, समोरच्याला कळत नाही. हा शब्द जपानीत जर्मनमधून आला, म्हणून तो 'आरेरुगिइ' आहे, ग खणखणीत. "पेनिशिरिन नो आरेरुगिइ गा आरिमासु" – मला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे. इथला 'नो' म्हणजे आपला चा-ची-चे. व्हायरसही इंग्रजीसारखा म्हणू नका, इथे तो 'उइरुसु'.

---

ओसाकातली_आई

लहान मुलं असणाऱ्यांसाठी लिहिते. मुलगी आठ महिन्यांची असताना पहिल्यांदा ताप आला आणि मी घाबरून "हंड्रेड अँड टू" सांगत होते. समोरची मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. इथे सगळं सेल्सिअसमध्ये. आपला १०० म्हणजे इथला ३७.८, १०१ म्हणजे ३८.३, १०२ म्हणजे ३८.९, १०३ म्हणजे ३९.४. हे चार आकडे मी फ्रिजवर लिहून ठेवलेत.

सांगताना दशांशाला 'बु' म्हणतात. ३८.५ म्हणजे "सान्ज्यू-हाचि दो गो बु". हे मला नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका आईने शिकवलं.

दुसरी गोष्ट झायाकु. ताप उतरवायला इथे लहान मुलांना गुदद्वारातून द्यायची मेणासारखी कांडी सर्रास देतात. मला ते माहीत नव्हतं, चिठ्ठीवरच्या औषधाचं पाकीट उघडून मी ते पाण्यात विरघळवायच्या बेतात होते! पाकिटावर चित्र होतं म्हणून वाचले. ती फ्रिजमध्ये ठेवायला सांगतात, नीट विचारून घ्या: "रेइझोओको नि इरेमासु का?"

मुलांना बरीच औषधं पुडीत भुकटी करून देतात, तिला कोनागुसुरि म्हणतात. तोंडात नुसती टाकली की मूल थुंकतं. औषध गिळायला म्हणून एक जेली मिळते, तिच्यात कालवून दिली की पोरं मिटक्या मारत खातात. मेडिकलमध्ये "कोदोमो नो कुसुरि झेरिइ" म्हणा, काढून देतात.

रात्री-अपरात्री मुलाला काही झालं आणि इस्पितळात न्यावं की नाही कळत नसेल तर #८००० ला फोन करा, ती लहान मुलांसाठीची सल्ल्याची लाइन आहे. मोठ्यांसाठी बऱ्याच भागांत #७११९ आहे. जिवावरचं असेल तर सरळ ११९, रुग्णवाहिका फुकट येते.

---

नागोयाचं_दुकान

मी नागोयाजवळ एका औषधांच्या दुकानात अर्धवेळ काम करते. तोओरोकु हानबाइशा म्हणजे नोंदणीकृत विक्रेत्याची परीक्षा दिली आहे, फार्मासिस्ट नाही. आतली बाजू सांगते.

पहिलं म्हणजे दुकानं दोन तऱ्हेची असतात. शॅम्पू, बिस्किटं, डायपर आणि औषधं एकत्र मिळतात ते दोराग्गुसुतोआ. डॉक्टरांची चिठ्ठी, म्हणजे शोहोओसेन, घेऊन जायचं ते च्योओझाइ याक्क्योकु. दवाखान्याच्या अगदी दारात असलेलं छोटं दुकान बहुधा हेच असतं. मोठ्या दोराग्गुसुतोआमध्ये कधीकधी दोन्ही असतं. चिठ्ठी मिळाल्याच्या दिवसासकट ४ दिवसच चालते, रविवार-सुट्टी धरून. पाचव्या दिवशी आलेल्या माणसाला परत पाठवताना फार वाईट वाटतं, पण काही करता येत नाही.

दुसरं, चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांचेही वर्ग आहेत. पहिल्या वर्गातली, दाइ इचि रुइ, फक्त फार्मासिस्टच समजावून देऊ शकतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गातली माझ्यासारखी विक्रेतीही देते. २००९ पासून ही पद्धत आहे. दुखण्यावरची काही जोरदार औषधं पहिल्या वर्गात येतात, त्यामुळे रात्री आठला दुकान उघडं असतं, दिवे चालू असतात, पण तो फडताळाचा भाग पडदा ओढून बंद केलेला असतो, कारण फार्मासिस्ट घरी गेलेला असतो. लोक मला विनवतात. मला कायद्याने देता येत नाही. म्हणून आल्याआल्या विचारा: "याकुझाइशि सान वा इमासु का?" – फार्मासिस्ट आहेत का?

तिसरं, आणि हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. भारतातल्या गोळीचं दुकानी नाव इथे कुणाला माहीत नाही. क्रोसिन, डोलो म्हणून उपयोग नाही, पॅरासिटामॉल हा शब्दसुद्धा इथे सहसा वापरत नाहीत. इथे त्याला आसेतोआमिनोफेन म्हणतात. डॉक्टर लिहून देतात ती कारोनाआरु हीसुद्धा तीच. आता धोका बघा: सर्दी-तापाची जी रंगीत खोकी मिळतात त्यांतल्या बऱ्याच औषधांत आसेतोआमिनोफेन आधीच असतं. भारतातून आणलेली ६५० ची गोळी एका बाजूने आणि इथलं सर्दीचं औषध दुसऱ्या बाजूने घेतलं तर डोस दुप्पट होतो, आणि त्याचा भार यकृतावर पडतो. विकत घेताना घरून काय घेऊन आलात ते सांगा. गोळ्यांची पट्टीच दाखवा, मागे घटकाचं नाव असतं, ते आम्हाला शोधता येतं.

---

सांगलीची_लेक

@नागोयाचं_दुकान, अगदी हेच झालं. आईला विचारलं होतं, "होका नि नोन्दे इरु कुसुरि वा आरिमासु का?" – अजून कुठली औषधं चालू आहेत का? आईच्या पर्समध्ये बीपीच्या गोळ्यांची पट्टी होती. अम्लोडिपिन वाचून बाई म्हणाल्या "आमुरोजिपिन", आणि मग विचार करून आसेतोआमिनोफेनच दिलं.

यात एक गंमत लक्षात आली. जपानीत औषध 'पितात'. गोळी असो, भुकटी असो, नोमु. आपण गोळी खातो किंवा घेतो, म्हणून माझ्या तोंडून आधी ताबेमासु निघायचं.

आणि कुसुरि हा शब्द दुसऱ्या शब्दाला चिकटला की गुसुरि होतो. मेगुसुरि डोळ्यात घालायचं, नुरिगुसुरि लावायचं मलम, इगुसुरि पोटाचं.

---

देवगडचा_हापूस

वाचनखूण साठवली. आई-बाबा एप्रिलमध्ये पंधरा दिवस येणार आहेत, दोघांना मधुमेह. किती औषधं आणू शकतात?

---

नागोयाचं_दुकान

@देवगडचा_हापूस, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं स्वतःपुरती एका महिन्याची, आणि बिनचिठ्ठीची दोन महिन्यांची चालतात. त्याहून जास्त हवी असतील तर निघायच्या आधीच युन्यू काकुनिन शोओ नावाचा दाखला काढावा लागतो. पंधरा दिवसांसाठी तुम्हाला त्याची गरज नाही. गोळ्या मूळ पट्टीत असू द्या, सुट्या करून डबीत भरू नका, आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा.

एक मात्र जपा. सर्दीच्या ज्या औषधांत सूडोएफेड्रिन १० टक्क्यांपेक्षा जास्त असतं ती जपानमध्ये आणायला बंदी आहे. खोकल्याच्या बाटलीत कोडीन असेल तर आधी चौकशी करा. अँफेटामाइन असलेली औषधं तर चिठ्ठी असली तरी चालत नाहीत.

एप्रिल म्हणजे सुगि, इथल्या देवदारासारख्या झाडांच्या परागांचा मोसम अजून पुरता संपलेला नसेल. शिंका, डोळ्यांना खाज सुरू झाली तर "काफुनशोओ नो कुसुरि" मागा. झोप न येणारी हवी असेल तर "नेमुकु नारानाइ कुसुरि". गाडी चालवणाऱ्यांनी हे वाक्य पाठच करा.

---

एक_वाटसरू

सगळं मान्य, पण आता मोबाइलवर बोललं की लगेच जपानी होतं. कशाला एवढं पाठ करायचं? मी दोन वर्षं तसंच निभावतोय.

---

क्योतोत_कोथरूडकर

@एक_वाटसरू, आजाराची नावं, अ‍ॅलर्जी, आधीची ऑपरेशनं यासाठी मोबाइल जरूर वापरा, तिथे चूक परवडत नाही. मीही माझी यादी जपानीत टाइप करून फोटो काढून ठेवली आहे. पण फार्मासिस्ट सूचना देतो तेव्हा तो तोंडी, भरभर देतो, आणि तिथे एका शब्दाने फरक पडतो.

शोकुझेन – जेवणाआधी. शोकुगो – जेवणानंतर. हे दोन सरळ आहेत. तिसरा आहे शोक्कान. शब्दशः 'जेवणांमध्ये', म्हणून जेवता जेवता घ्यायचं असं वाटतं. खरं म्हणजे दोन जेवणांच्या मधल्या वेळी, जेवून साधारण दोन तास झाल्यावर, रिकाम्या पोटी. जपानी माणसंही यात फसतात. कानपोओ, म्हणजे त्यांची वनौषधी, बहुधा शोकुझेन किंवा शोक्कान असते.

आणि तोम्पुकु. ते रोज घ्यायचं औषध नव्हे, त्रास झाला तरच घ्यायचं. माझ्या रूममेटने डोकेदुखीची तोम्पुकुची गोळी दिवसातून तीनदा नेमाने घेतली होती.

"इचि निचि सान काइ" – दिवसातून तीनदा. "नेरु माए" – झोपायच्या आधी. न कळल्यास "मोओ इचिदो ओनेगाइ शिमासु", पुन्हा एकदा सांगा. आणि "काइते कुदासाइ", लिहून द्या. ते आनंदाने लिहून देतात, पाकिटावरच.

---

ओसाकातली_आई

कानपोओवरून आठवलं. सर्दीची नुसती चाहूल लागली की शेजारच्या आजी काक्कोन्तोओ घ्यायला सांगतात. त्यात कुडझूचं मूळ, दालचिनी, आलं, ज्येष्ठमध असं सात गोष्टींचं मिश्रण असतं. गरम पाण्यात घोळवून प्यायले तर आमच्या घरच्या काढ्याचाच वास आला. पण त्यात माओ नावाची वनस्पतीही असते, तिच्यात एफेड्रिन असतं. बीपी, हृदयविकार असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. 'झाडपाल्याचं आहे, चालतंय' असं समजणाऱ्या आपल्या आई-वडिलांना हे मुद्दाम सांगा.

शाकाहारी लोकांसाठी: कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असू शकतं. "झेराचिन वा हाइत्ते इमासु का?" विचारा. गोळी किंवा पुडी हा पर्याय बऱ्याचदा असतो.

---

योकोहामाकर

कुणी ओकुसुरि तेच्योओबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहितो. औषधांची छोटी वही, चिठ्ठीची औषधं घेताना याक्क्योकुत मागितली की देतात. दर वेळी कुठलं औषध, किती, कधी, याचं स्टिकर छापून त्यात लावतात. तुम्ही कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात की ती पुढे करायची, अर्धी जपानी बोलायची गरजच राहत नाही. आता मोबाइलवरही असते, पण मी कागदाचीच ठेवतो. २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर दवाखान्यांतले कागद वाहून गेले होते, तेव्हा ज्यांच्याकडे ही वही होती त्यांना निवाऱ्यात आपलं नेहमीचं औषध लवकर मिळालं. आमच्या घरी भूकंपाच्या पिशवीत टॉर्च आणि पाण्याशेजारी चौघांच्या चार वह्या आहेत.

पैशांचं: विमा असेल तर साधारण ३० टक्के आपण भरायचे. पर्यटकांना पूर्ण. "जेनेरिक्कु दे ओनेगाइ शिमासु" म्हटलं की स्वस्तातलं देतात. ऑक्टोबर २०२४ पासून, जेनेरिक असताना मूळ कंपनीचंच हवं म्हणून हट्ट धरला, तर किमतीतल्या फरकाचा काही हिस्सा आपल्याला जास्तीचा भरावा लागतो.

---

एक_वाटसरू

शोक्कानचं माहीत नव्हतं. मी तीन आठवडे कानपोओची पुडी जेवणाबरोबर घेतोय. उद्यापासून बदलतो. धन्यवाद.

---

देवगडचा_हापूस

सगळ्यांचे आभार, छापून बाबांच्या पाकिटात ठेवतोय. एक शेवटचं. आमच्या आईला ताप येण्याआधी नेहमी 'अंग मोडून येतं'. 'कसकस वाटतेय' म्हणते. याला जपानीत काय म्हणायचं?

---

सांगलीची_लेक

@देवगडचा_हापूस, कसकस, अंग जड, गळून गेल्यासारखं यासाठी "कारादा गा दारुइ देसु". पण अंग मोडून येणं, सांधे न् सांधे धरणं, यासाठी मला परवाच एक शब्द कळला. फुशि म्हणजे बांबूचं पेर, आणि शरीराचा सांधाही. तोच शब्द दोनदा म्हणायचा: "फुशिबुशि गा इताइ देसु." पेर न् पेर दुखतंय.

आई शनिवारी सांगलीला परत गेली. दाढ काढली, इथल्याच डॉक्टरांनी. चिठ्ठीवरची औषधं घेताना तिची एक तेच्योओ केली, ती घेऊन गेलीये, तिकडच्या डॉक्टरांना दाखवायला. शेवटच्या दिवशी त्या मेडिकलमध्ये ती मुद्दाम निरोप घ्यायला गेली. बाई नेहमीसारखं "ओदाइजिनि" म्हणाल्या, म्हणजे जपा. मी आईला सांगून ठेवलं होतं की त्यावर फक्त आरिगातोओ म्हणायचं. तिने ते म्हटलं, आणि मग गालावर हात ठेवून, मान हलवत, "झुकिझुकि नाइ" असंही सांगितलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या.